शाईचं पेन अडतंय? आधी महिना बघा, मग निब

आमच्या शिक्षकखोलीत शाईचं पेन वापरणारे आता मोजकेच उरलेत. पण त्यांच्यापैकी कुणाचं पेन रुसलं की ते माझ्या टेबलावर येतं, आणि तक्रार बहुतेक एकच असते: "सर, परवापर्यंत चांगलं चालत होतं हो, आता मध्येच अडतं." दरवर्षी तेच दुखणं आणि तेच उपाय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. हे सगळं कोकण किनारपट्टीच्या हवेत तपासलेलं आहे. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत यातल्या काही गोष्टी उलट्या होतील.

आधी लक्षणं

"पेन चालत नाही" एवढ्याने काहीच कळत नाही. नेमकं कसं चालत नाही ते बघा.

- सकाळी हजेरी घेताना पहिलं नाव उमटतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या नावापासून सुरळीत.
- पानाच्या वरच्या भागात छान, खाली आलं की अक्षरं तुटतात.
- स्वतःच्या टाचणवहीत (पाठाची तयारी लिहायची वही) चालतं, मुलांच्या वह्या तपासताना अडतं.
- अर्धं पान झालं की शाई फिकी होत होत थांबते. जरा उभं धरून ठेवलं की पुन्हा येते.
- शाई येते, पण अक्षराला मिशा फुटतात आणि पानाच्या पाठीमागे सगळं उमटतं.
- मध्येच टपकन थेंब पडतो.
- सुट्टीनंतर काहीच येत नाही.
- शाई येते, पण निब कागद ओरखडते.

पेन झटकून बघितलं असेल तर तेही लक्षणांत धरा. झटकल्यावर दोन ओळी येऊन परत बंद पडत असेल, तर शाई टाकीत आहे पण निबेपर्यंत पोचत नाही, एवढं कळतं. याउपर झटकू नका. त्याने आतला अडथळा निघत नाही, जिभेत (निबेखालचा खाचांचा तुकडा, ज्यातून शाई उतरते) तात्पुरती जास्तीची शाई ढकलली जाते आणि शेजारच्या बाईंच्या साडीवर उरलेली.

पेन उघडण्याआधी कॅलेंडर

माझ्या मते सगळ्यात मोठा सुगावा महिन्यात असतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा येणारी पेनं मेच्या सुट्टीत भरलेली पडून राहिलेली असतात. शाईतलं पाणी उडून जातं आणि रंग आत वाळून बसतो. त्यांना सरळ धुवायला घ्या, बाकी तपासण्या नंतर. जुलै-ऑगस्टात हवेत इतकी ओल असते की निब सहसा सुकत नाही. तेव्हा पेन नीट लिहीत नसेल तर मी आधी कागदावर संशय घेतो. गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा थोडी सुकलेली पेनं येतात. ऑक्टोबरात घामाच्या हाताचा आणि टपकणाऱ्या थेंबांचा त्रास. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो, तेव्हा टोपण सैल असलेली पेनं उघडी पडतात.

म्हणजे पेन तेच, शाई तीच, पण दुखणं ऋतूप्रमाणे वेगळं. हे लक्षात आलं की निम्मी पेनं उघडावीच लागत नाहीत.

पहिली तपासणी: कागद बदला

याला खर्च नाही, वेळ अर्धा मिनिट. तीच ओळ तीन कागदांवर लिहा: तुमची नेहमीची वही, जुन्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू आणि मुलाची एखादी साधी वही. प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्स कागदावर नीट येतंय आणि वहीत नाही, तर पेनाला हात लावू नका.

का, ते सांगतो. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते. ती असते म्हणूनच शाई वर टिकते, नाहीतर प्रत्येक कागद टीपकागदासारखा शाई पिऊन टाकेल. स्वस्त वहीत खळ कमी असते, कागदही पातळ, 60 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास किंवा त्याहून कमी. त्यात आपल्याकडचा पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कागदाचे तंतू ओल धरून फुगतात, खळ आपलं काम नीट करत नाही, शाई तंतूंच्या वाटेने आडवी धावते. त्याच मिशा.

खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. त्याच वहीच्या कोऱ्या पानावर कोमट इस्त्री काही सेकंद फिरवा, पान गार होऊ द्या आणि लगेच लिहा. शाई फुटणं कमी झालं तर दोष ओलीचा. तरीही तसंच फुटलं तर कागद मुळातच हलका आहे, वही बदला.

ओलीवर उपाय वह्या ठेवण्याच्या जागेत आहे. भिंतीला टेकून ठेवलेला गठ्ठा, विशेषतः जांभ्याच्या भिंतीला, ओल ओढतोच. लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा सगळ्यात वाईट. वह्या मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं सोडून, आणि गच्च न कोंबता ठेवा. डांबरगोळ्या टाकल्या की वह्या सुरक्षित, असा एक समज आहे. डांबरगोळ्यांनी कसर जाते, ओल जात नाही. टाचणवही रोज लागते, ती पॉलिथिनच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवली तर एवढ्या त्रासाचीही गरज पडत नाही. मात्र पिशवीत घालण्याआधी वही कोरडी हवी. ओली वही पिशवीत बंद केली तर बुरशीला घर मिळतं.

दुसरा कागदी दोष तेलाचा. पानाच्या खालच्या भागात अक्षरं तुटतात ती यामुळे. वर लिहीत असताना तळहात खाली टेकलेला असतो, त्याचा घाम आणि तेलकटपणा कागदात उतरतो आणि पाण्यातली शाई तिथे धरत नाही. हाताखाली टीपकागद किंवा घडी घातलेला कोरा कागद ठेवून लिहा. फरक त्याच पानावर दिसेल.

मुलांच्या वह्यांत हेच दुखणं दुप्पट असतं. डोक्याला चोपडलेलं खोबरेल, डब्यातल्या चटणीचं तेल, घामेजलेले हात, आणि त्यात वर्षभर वापरलेली वही. "वहीला हात पुसू नका रे" असं सांगून बघा. मी सांगणं सोडून दिलंय. अशा वह्या तपासायला जाड निबेचं, जरा जास्त शाई सोडणारं पेन ठेवा, नाहीतर सरळ लाल बॉलपेन घ्या. प्रत्येक काम शाईच्या पेनाने झालंच पाहिजे असा हट्ट धरला की त्रास आपल्यालाच होतो.

आणखी दोन ठिकाणी हट्ट सोडाच. गुळगुळीत, चकचकीत कार्डावर छापलेलं प्रगतिपुस्तक: त्यावर शाई शिरतच नाही, तासाभरानेही बोट लागलं की शेरा पुसतो. आणि कार्बन घालून लिहायची पावतीपुस्तकं: खालच्या प्रतीत उमटावं म्हणून आपण दाब देतो, आणि त्या दाबाने निबेचे दोन काटे, म्हणजे मधल्या चिरेच्या दोन बाजू, फाकतात. फाकलेली निब पुन्हा पहिल्यासारखी करणं हे या लेखातलं सगळ्यात अवघड काम आहे. पावत्यांसाठी बॉलपेन, बस्स.

दुसरी तपासणी: धरता कसं

हीसुद्धा फुकट. बसून टाचण लिहिताना पेन साधारण अर्ध्या काटकोनात कललेलं असतं. तेच मुलाच्या बाकाशी वाकून, उलट्या बाजूने त्याची वही तपासताना पेन जवळजवळ उभं होतं आणि बोटांत थोडं वळतं. निबेचे दोन्ही काटे कागदाला सारखे टेकले तरच चिरेतून शाई उतरते. एकच काटा टेकला की अक्षर अर्धवट, शिवाय ओरखडा. "वर्गात अडतं, खोलीत चालतं" या तक्रारीचं मूळ कितीदा इथेच निघालंय. वही आपल्याकडे फिरवून घ्या.

वर्गातली दुसरी गोष्ट टोपणाची. तपासता तपासता एखाद्याला पाढा विचारला, कुणाचं भांडण सोडवलं, तेवढा वेळ पेन डोक्यावरच्या पंख्याखाली उघडं. पुढचा शब्द अडणारच. बोलायला तोंड उघडलं की पेनाचं बंद करायचं, ही सवय लागली तर काही पेनं पुन्हा कधी दुरुस्तीला येत नाहीत.

तिसरी तपासणी: शाई किती आणि कुठली

टाकीत शाई आहे का, हे आधी बघा. हसू नका. रंगीत, अपारदर्शक नळीच्या पेनात ते बाहेरून दिसत नाही. कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून घेणारी आतली छोटी नळी) असेल तर आणखी एक गंमत होते: शाई असते, पण पृष्ठताणामुळे मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पुढे येतच नाही. निब वर धरून नळीवर दोन टिचक्या मारा, मग निब खाली करा. शाई सरकताना दिसली तर काम झालं.

मग बाटली. उजेडात धरा, हलवा, वास घ्या. तरंगणारे तंतू, तळाशी चिकट गाळ किंवा ओलसर कुबट वास म्हणजे बुरशी. आपल्या हवेत उघडलेल्या बाटलीला ती धरू शकते, खासकरून बाटलीत ड्रॉपर बुडवून उरलेली शाई परत ओतायची सवय असेल तर. शाईत बुरशी रोखणारं औषध असतं, पण ते अमर नसतं. अशी बाटली गाळून वापरू नका. ओतून टाका आणि त्या बाटलीतून भरलेली सगळी पेनं धुवा, नाहीतर नव्या बाटलीलाही तेच लागेल.

यापेक्षा घातक चूक म्हणजे शाईच चुकीची असणं. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात एकाच फळीवर पेनाची शाई, शिक्क्याची शाई आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक शेजारी शेजारी असतात, आणि "काळी शाई द्या" म्हटलं की हाताला लागेल ती मिळते. शाळेतल्या चित्रकलेच्या कपाटातही तीच असते. ड्रॉइंग इंकमध्ये काजळी आणि बहुतेक वेळा लाख असते. ती कागदावर सुकली की पाण्याने जात नाही, आणि पेनात सुकली तरी जात नाही. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असल्याचं लिहिलेलं असेल तरच भरा. मराठी शाळांना शाईची बाटली काही नवी नाही. कॅम्लिनची सुरुवातच 1931 साली दांडेकरांनी शाईपासून केली होती. तशी साधी निळी शाई आजही सगळ्यात निरुपद्रवी. पेन बिघडलंय का शाई, असा प्रश्न पडला की मी पेन धुऊन तीच भरून बघतो.

दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका. रंग जुळले तरी रसायनं जुळतीलच असं नाही, आणि न जुळल्यास आत साका बसतो. करायचंच असेल तर दोन्हीचे थेंब काचेच्या वाटीत रात्रभर ठेवून बघा.

इथे रजिस्टरांबद्दल थोडं, कारण शिक्षकाच्या शाईचा प्रश्न पेनापाशी संपत नाही. साधी निळी धुण्याजोगी शाई टाचणवहीला उत्तम, पण जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांच्या नोंदीच्या वहीला, नको. ते रजिस्टर पिढ्यान्‌पिढ्या उघडलं जातं, दाखला त्यावरून निघतो, आणि कौलातून एखादी पागोळी त्यावर पडली तर नावाच्या जागी निळा डाग उरतो. तिथे पाण्याला टिकणारीच शाई हवी. बाटलीवर निळी-काळी लिहिलंय म्हणून ती टिकाऊ असेलच असं नाही. वापरण्याआधी कागदावर एक ओळ लिहा, दिवसभर सुकू द्या, वर पाण्याचा थेंब ठेवा आणि टिपून घ्या. ओळ वाचता आली तर ठीक. लोह आणि टॅनिन असलेली जुन्या पद्धतीची शाई या परीक्षेत सहसा पास होते, पण ती आम्लधर्मी असते, पोलादी निबेला खाते. आधीच खाऱ्या हवेत आपल्या पोलादी निबा आणि क्लिपा गंजायला तयार असतात. अशी शाई असलेलं पेन महिन्यातून एकदा धुवायचं आणि सुट्टीत कधीही भरलेलं ठेवायचं नाही.

चौथी तपासणी: टोपण

सकाळचा पहिला शब्द उमटत नसेल तर संशयित हाच. टोपण स्वच्छ पुसा, उघडं तोंड ओठांशी लावून हलकेच हवा ओढा. हवा सहज आत येत असेल तर कुठेतरी फट आहे: टोकाला तडा, क्लिपेच्या बुडाशी सैल जागा किंवा आतलं छोटं टोपण निसटलेलं. काही पेनांत कंपनीनेच टोपणाला भोक ठेवलेलं असतं, लहान मुलाच्या घशात अडकलं तर श्वास चालावा म्हणून. पण अशा पेनांत बहुधा आतलं दुसरं टोपण निबेला बंद ठेवतं, म्हणून ते भोक मेणाने बुजवू नका.

क्लिपेच्या बुडाशी किंचित फट असेल तर पेन निब वर करून खिशाला लावण्याऐवजी रात्री आडवं ठेवून बघा. सकाळी लगेच लिहिलं तर टोपणासह चालवून घेता येतं. तडा गेला असेल तर चिकटपट्टीने महिनाभर निघतो, त्यापुढे टोपण बदला. साध्या पेनाचं टोपण वेगळं मिळत नसेल तर पेनच बदला. टोपणाच्या शोधात घालवलेल्या वेळात नवं येतं.

पाचवी तपासणी: धुणं

बहुतेक पेनं इथे बरी होतात, म्हणून जरा निवांत.

पाणी कुठलं, हे आपल्याकडे महत्त्वाचं. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यातले क्षार जिभेच्या बारीक खाचांत वाळून बसतात आणि तुम्ही धुताधुता नवा अडथळा तयार करता. पहिली धुलाई साध्या पिण्याच्या पाण्याने, शेवटची फिल्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने. गॅरेजमध्ये मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणा आणि बाटलीवरचं वाचून घ्या, ॲसिड मिळायला नको.

पेनाचा पुढचा भाग, म्हणजे जिथे बोटं धरतो ती मान, नळीपासून सोडवा. निब आणि जीभ ओढू नका, ती मानेतच राहू दे. मागच्या तोंडातून पाणी सोडायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज किंवा रबरी फुगा उत्तम. पाणी हलके हलके ढकला. निबेतून आधी गडद, मग फिकी, मग स्वच्छ धार यायला हवी. धार येतच नसेल तर जोर लावू नका. मान वाटीभर कोमट पाण्यात रात्रभर उभी ठेवा, निब बुडेल एवढीच. सकाळी वाटी निळी झालेली असेल. पाणी बदला, पुन्हा ठेवा. मेभर सुकलेल्या पेनाला हे काही दिवस करावं लागतं, धीर धरा.

नुसत्या पाण्याने नाही सुटलं तर वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. एकच. नंतर फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी, कारण साबणाचा अंश राहिला तर शाई अति पातळ वाहते आणि फुटते, आणि तुम्ही परत कागदाला दोष देत बसता.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. उकळतं पाणी नको: प्लास्टिकची जीभ वाकते, आणि जुन्या एबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) पेनाचा काळा रंग तपकिरी पडतो. स्पिरिट, थिनर, नखांचं रिमूव्हर यांतलं काहीच नको. कित्येक पेनांचं प्लास्टिक त्यात विरघळतं किंवा तडकतं. आणि निबेवर फुंकर मारून तोंडाने ओढणं ही जी आपली शाळकरी पद्धत आहे, ती बाळगोपाळांनाच शोभते.

धुतल्यावर मान निब खाली करून टीपकागदावर किंवा जुन्या सुती फडक्यावर रात्रभर उभी ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री. आत पाणी राहिलं तर पहिलं पान फिकं येईल, त्याने घाबरू नका.

धुताना वाटीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तर तो खडूचा. शिक्षकाच्या पेनाला हा खास आजार. फळ्यावर लिहायचं, त्याच बोटांनी टोपण काढायचं, खिशात खडूचा तुकडा आणि पेन शेजारी. भुकटी निबेच्या चिरेत जाते, तिथल्या शाईत कालवली जाते, आणि निब ओरखडायला लागते. कागदाचे बारीक तंतूही असेच अडकतात. पेन एका खिशात, खडू दुसऱ्या.

सहावी तपासणी: हवा

पेनातून शाई खाली यायची तर तेवढीच हवा वर जायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार धड लागत नाही, तसंच. निबेखालच्या जिभेत यासाठी वेगळी वाट असते. ती बंद झाली तर शाई फिकी होत होत थांबते. पाचव्या तपासणीत ते सुटायला हवं. उलट नको तिथून हवा शिरली तर शाई थेंबाने बाहेर येते.

ड्रॉपरने थेट नळीत भरायच्या पेनांत हे जास्त. नळीत शाई कमी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती हवा प्रसरते आणि शाईला ढकलते. ऑक्टोबरात टपकतं ते यामुळे. पेन बिघडलेलं नाही. एक तृतीयांश शाई उरली की भरून घ्या, एवढाच इलाज. तरीही आट्यांपाशी बोटं निळी होत असतील तर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ते नसेल तर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन पट्टी दीड वेढा. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावू नका: खोबरेल शाईत उतरतं आणि जीभ तेलकट करतं, व्हॅसलिनने रबरी वायसर फुगतात.

सातवी तपासणी: निबेची चीर

इथवर सगळं करूनही अडत असेल तरच. विज्ञानाच्या कपाटातलं भिंग आणा. निब उजेडासमोर धरून बघा. चिरेतून उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी, टोकाकडे निमुळती होत जाणारी. रेघ अजिबात नाही तर काटे घट्ट बसलेत, शाई उतरणार कशी? रेघ टोकाकडे रुंद होत असेल तर काटे फाकलेत. समोरून बघा, एक काटा वर एक खाली असेल तर ओरखड्याचं कारण तेच.

चिरेत तंतू दिसला तर पातळ पितळी पत्रा, 0.05 मिलिमीटरचा, हलकेच एकदा ओढा. दाढीचं ब्लेड नको! आपण सगळ्यांनी ते शाळेत केलंय, पण ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतं, चिरेहून जाड, आणि वर धारदार. ते चीर आतून खरवडतं, काटे कायमचे फाकवतं. निब फरशीवर किंवा पॉलिश पेपरवर घासणंही तसंच. टोकावर कठीण धातूचा बारीक मणी असतो, तो एकदा झिजला की परत उगवत नाही. खाली-वर झालेला काटा साध्या पोलादी निबेचा असेल तर नखाने, अगदी थोडा, दाबून बघायला हरकत नाही. एकदा बघा, फार तर दुसऱ्यांदा.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींत घरचा हात घालू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या:

सोन्याची निब, कुठल्याही कारणाने. फाकलेली किंवा पडून वाकलेली निब. आत रबरी पिशवी असलेलं वडिलांचं, आजोबांचं जुनं पेन; ती रबर कडक झालेली असते, ओढली की नळीसकट तुटते. दट्ट्या ओढून शाई भरायची पेनं, ज्यांचा दट्ट्या अडकलाय. मानेला किंवा नळीला गेलेला तडा. ड्रॉइंग इंक सुकलेलं महागडं पेन. आणि वॉरंटीतलं कुठलंही पेन, कारण उघडलंत की ती वॉरंटी गेली असं समजा.

उलट, दुरुस्तीचा आणि कुरिअरचा खर्च नव्या पेनाच्या निम्म्यावर जात असेल आणि पेनाशी काही आठवण जोडलेली नसेल, तर मी स्पष्ट सांगतो: नवं घ्या. निब चांगली असेल तर जुनं पेन लाल शाई भरून तपासणीला ठेवा.

आपल्या तालुक्याच्या गावांत पेन दुरुस्त करणारा क्वचित सापडतो. मुंबई-पुण्यात अजून आहेत. पाठवण्याआधी शाई पूर्ण काढा, धुवा, सुकवा. भरलेलं पेन घाटातून गेलं की टोपणात रंगपंचमी होते. पेन कागदात नव्हे, कडक नळीत किंवा कंपासपेटीत घालून पाठवा. सोबत चिठ्ठी द्या: कुठली शाई, कधीपासून अडतं, यातल्या कुठल्या तपासण्या झाल्या. आणि ज्या वहीत अडतं तिचं एक पान, त्याच पेनाने लिहिलेलं, घडी न घालता.